फेब्रुवारीतली शिरगणती आणि विदर्भातील कुलूपबंद गावे

वैनगंगाकाठ :

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तालुके बारा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ७४ माणसे, तर त्याच जनगणनेत राज्याची घनता ३६५ होती. जंगलात विखुरलेल्या या लोकवस्तीचा सगळा कारभार मात्र डोकी मोजूनच चालतो. ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की नऊ, अनुसूचित जमातीसाठी किती जागा राखीव ठेवायच्या, आरोग्य उपकेंद्र मिळेल की नाही, हे सारे शेवटच्या जनगणनेतील आकड्यावर ठरते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचे अनुदान राज्यांमध्ये वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला केवळ १० टक्के भारांश दिला, आणि लोकसंख्याही २०११ चीच धरली.

माझा मुद्दा या आकड्याच्या जन्माचा आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हा आमच्याकडे मिरचीतोडणीचा हंगाम असतो. धान निघाले, मळणी झाली की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणातील खम्मम, वरंगलकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे दारोदार गणना पुन्हा त्याच महिन्यात होणार. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बर्फाच्छादित भागांसाठी मात्र १ ऑक्टोबर २०२६ ही वेगळी तारीख आहे. बर्फामुळे वेगळी तारीख देता येते, तर पोटासाठी गाव सोडावे लागणाऱ्या तालुक्यांचा विचार का होऊ नये? ज्यांनी गणनेचे काम केले आहे किंवा ज्यांच्या गावातून असे स्थलांतर होते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रगणक२०११ :

मी शिक्षक आहे आणि २०११ ला एटापल्ली तालुक्यात प्रगणक होतो. नियम आधी स्पष्ट करतो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नाही. कुटुंबातील जी व्यक्ती गणनेच्या संपूर्ण काळात घरी असेल, किंवा त्यातील काही दिवस राहून गेली असेल, किंवा २८ फेब्रुवारीपर्यंत परत येणार असेल, तिचीच नोंद तिच्या घरी करायची होती. जी व्यक्ती पूर्ण काळ बाहेर असेल, ती जिथे सापडेल तिथे मोजली जाणार. मिरची तोडायला जानेवारीत गेलेला आणि होळीनंतर येणारा माणूस त्यामुळे आपल्या गावच्या आकड्यात बसतच नव्हता.

माझ्या गटातील एका टोल्यावर (मूळ गावापासून दूर असलेल्या वस्तीवर) सलग चार घरांची दारे टाट्या लावून दोरीने बांधलेली होती. शेजारच्या आजीबाई मला प्रत्येक घरातील माणसांची नावे, कोण कोणाचा मुलगा, कोणाची सून बाळंत झाली, हे सगळे सांगत होत्या, आणि मी मात्र त्यातले एकही नाव गणनेच्या अनुसूचीत (तक्त्यात) लिहू शकत नव्हतो. त्या आजींचे वय काढतानाही बराच वेळ गेला. जिल्हा झाला तेव्हा थोरल्या मुलीचे लग्न झालेले होते, एवढ्या आधारावर आम्ही हिशेब मांडला. माडिया बोलीतून मराठीत सांगायला सोबत गावातला एक मुलगा होता. तो नसता तर तेवढेही जमले नसते.

कागदोपत्री ती चार कुटुंबे तिकडे आंध्र प्रदेशात (तेलंगण तेव्हा व्हायचे होते) मोजली गेली असतील. मिरचीच्या शेतात कडब्याच्या झोपडीत राहणाऱ्या, तेलुगू न येणाऱ्या मजुरापर्यंत तिकडचा प्रगणक पोहोचला असेल का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण मला ती चिंता तेव्हाही होती आणि आजही आहे.

मेळघाटवासी :

गुरुजी, आपण लिहिलेले चित्र मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांना जसेच्या तसे लागू पडते. आमच्याकडची कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याच्या सपाट भागात, वीटभट्ट्यांवर, तर काही बऱ्हाणपूरकडे जातात. ती परत येतात होळीला, कारण फगवा गावात साजरा केल्याशिवाय कोरकू माणसाचे वर्ष पुरे होत नाही. २०११ मध्ये होळी १९ मार्चला होती. गणना आटोपून, फेरतपासणीही संपून दोन आठवडे झाल्यावर गाव भरले. २०२७ मध्येही होळी मार्चच्या उत्तरार्धातच आहे. पंचांग पाहून तारखा ठरवाव्यात असे मी म्हणत नाही, परंतु ज्या महिन्यात गाव सर्वाधिक रिकामे असते तोच महिना दर खेपेस निवडला जातो, हे कोणीतरी वर सांगायला हवे.

सेवाग्रामकर :

चर्चा महत्त्वाची आहे, पण माझे मत वेगळे आहे. हंगामी स्थलांतरामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होत असेल. विदर्भाच्या ग्रामीण जिल्ह्यांची खरी गळती कायमची आहे. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १२,३६,७३६ होती, ती २०११ मध्ये १३,००,७७४ झाली, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम ५ टक्के वाढ. भंडारा ११,३६,१४६ वरून १२,००,३३४ वर गेला, तिथेही तेच. राज्याची वाढ त्याच दशकात १६ टक्के होती. आमच्या आर्वी-आष्टीकडच्या गावांत मुले कमी होत आहेत आणि शिकलेली मुले नागपूर-पुण्याला जाऊन तिथलीच होत आहेत.

याची राजकीय किंमतही आपण मोजली आहे. २००१ च्या लोकसंख्येवर आधारलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. गणना जूनमध्ये घेतली असती तरी या जागा वाचल्या नसत्या. त्यामुळे तारखेवर सगळी शक्ती खर्च करण्याऐवजी निधी आणि पदे केवळ लोकसंख्येवर वाटू नयेत, ही मागणी मला अधिक मोलाची वाटते.

वैनगंगाकाठ :

सेवाग्रामकर भाऊ, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वर्ध्याचा माणूस पुण्याला गेला तर तो पुण्याचा रस्ता, पुण्याचे पाणी, पुण्याचा दवाखाना वापरतो, म्हणून तो तिथे मोजला जाणे न्याय्य आहे. आमच्या कोरची तालुक्याचा माणूस वर्षातील आठ-नऊ महिने कोरचीतच राहतो, पावसाळ्यात त्याचे मूल कोरचीच्याच आरोग्य केंद्रात जाते, रेशन तिथलेच असते. त्याला मात्र तीन महिन्यांच्या मजुरीपायी दहा वर्षांसाठी आपण दुसऱ्या राज्याच्या खात्यात टाकतो.

सातबारा :

मी महसूल विभागातून निवृत्त झालो आहे. या निमित्ताने एक वेगळी, पण लागूनच असलेली गोष्ट लिहितो. गावाची शासकीय व्याख्या माणसांवर नव्हे, जमिनीवर आधारलेली आहे. महसुली दप्तरात अशी पुष्कळ गावे आहेत जिथे एकही घर नाही. आपण त्यांना रिठी किंवा उजाड गाव म्हणतो. त्यांना नाव आहे, नकाशा आहे, शीव (हद्द) आहे, सातबारा आहे, पीक पाहणी होते, आणि कास्तकार शेजारच्या गावात राहतात. पूर्व विदर्भात गावांच्या नावांपुढे माल, चक, तुकूम, रिठ असे शब्द लागलेले दिसतात ते याच जमाबंदीच्या (जमीन महसूल ठरवण्याच्या) इतिहासातून आलेले आहेत. काही गावे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मोडली, काही पटकीने, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात देशातील सर्वांत भीषण साथींपैकी होती. वाचलेली माणसे मोठ्या गावाच्या आश्रयाला गेली आणि मागे पांढरीवर (जुन्या गावठाणावर) मारुतीचे देऊळ तेवढे राहिले.

याच्या उलट परिस्थिती टोल्यांची आहे. माणसे नांदती आहेत, पण महसुली दप्तरात गाव म्हणून नोंद नाही. त्यांची लोकसंख्या मूळ गावात मिसळते, त्यामुळे तीन किलोमीटर पलीकडच्या टोल्यावर किती माणसे आहेत हे जनगणनेच्या छापील पुस्तिकेतून कळतच नाही. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) याच्या २०१४ च्या नियमांनी अशा पाड्या-टोल्यांना स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली आहे. ज्यांनी ती वापरली त्यांना स्वतःची ग्रामसभा मिळाली.

पटवाऱ्याला (आता शासनाने पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी केले आहे, गावकरी पटवारीच म्हणतात) साझ्यातील, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेली, गावे ओलांडायला जंगलात जितका वेळ लागतो, तितका सपाट मुलखात लागत नाही. लोकसंख्येच्या कोणत्याही आकड्यात हे अंतर दिसत नाही.

मेळघाटवासी :

सातबारा काका, रिठी गावांवर स्वतंत्र धागा काढावा ही आग्रहाची विनंती. आमच्याकडे व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन झालेल्या गावांचाही विषय त्यात येईल. इथे आपण मोजणीवर राहू या.

अंगणवाडीताई :

मला आकड्यांच्या राजकारणाचे फारसे कळत नाही, मात्र आकडा कमी पडला की काय होते ते मी रोज पाहते. आदिवासी भागात अंगणवाडीसाठी ३०० लोकसंख्येची अट आहे, आणि मिनी अंगणवाडीसाठी किमान १५०. आरोग्य उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० ला, प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० ला. सवलत दिली आहे हे मान्य आहे. पण अट जेव्हा दीडशेची असते, तेव्हा सहा कुटुंबे तोडणीला गेलेली असणे म्हणजे वीस-पंचवीस माणसे कमी होणे, आणि तेवढ्यात टोला अटीखाली जातो. मोठ्या गावाला हा फरक जाणवणार नाही.

आमच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीत प्रत्येक घर असते. कोण गरोदर आहे, कोण स्तनदा आहे, कोणते मूल कोणत्या महिन्यात आईबरोबर बाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्याचे वजन किती भरले, हे सगळे मी लिहिते. परत आलेल्या मुलांचे वजन बहुतेक वेळा घटलेले असते. दंडघेर मोजायची पट्टी लावली की आया माझ्या तोंडाकडे पाहत राहतात, मी काय बोलते याची वाट पाहत. माझे एवढेच म्हणणे आहे की या गावात किती माणसे राहतात याची खरी नोंद गावातच आहे, आशाताईंकडे आहे, माझ्याकडे आहे. ती कोणी विचारत नाही.

पर्लकोटा :

भामरागडहून लिहितो आहे. ताईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर, परंतु मला सेवाग्रामकर यांच्या मुद्द्याकडे वळायचे आहे. समजा, फेब्रुवारीऐवजी ऑगस्टमध्ये गणना झाली आणि आमच्या तालुक्याची लोकसंख्या थोडी वाढली, तरी घनता तुटपुंजीच राहणार. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि आमचा संपर्क तुटतो. म्हणून पावसाळ्याआधी काही महिन्यांचे धान्य दुर्गम गावांत पोहोचवून ठेवण्याची पद्धत नवसंजीवन योजनेत आहे. ही योजना यशस्वी होण्याचे कारणच हे की तिचा विचार अंतर आणि पूर यांपासून सुरू होतो. तोच विचार रुग्णवाहिकेला, शिक्षकांच्या पदांना आणि बँकेच्या शाखेला का लागू होऊ नये?

सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर आहे. वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणी त्यातूनच पुढे आली आहे. अहेरीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय झाले, त्याचा उपयोग होतो, पण सही, निधी आणि जिल्हा परिषद गडचिरोलीलाच आहे.

धानाचीबांधी :

आम्ही गोंदियाकर. भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळे झालो, त्याच सुमारास अकोल्यातून वाशीम झाला. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले हे निश्चित, देवरी-सालेकसाच्या माणसाला भंडाऱ्याला जाण्याचा त्रास वाचला. मात्र नवीन जिल्हा म्हणजे इमारती आधी आणि माणसे नंतर, हा आमचा अनुभव आहे. कित्येक पदे वर्षानुवर्षे प्रभारींवर चालली. एकाच अधिकाऱ्याकडे तीन टेबले असली की गावातून आलेल्या माणसाला "साहेब दुसऱ्या ऑफिसात आहेत" हेच ऐकावे लागते. म्हणून अहेरीला माझा विरोध नाही, परंतु पदे भरण्याची हमी घेतल्याशिवाय नुसत्या फलकावर समाधान मानू नये.

लेखाजोखा :

मी सांख्यिकीचा अभ्यासक आहे. मूळ प्रश्नाकडे परत येऊन एक हरकत नोंदवतो. जनगणना हे संपूर्ण देशाचे एका क्षणाचे चित्र असते. बर्फाच्छादित भागांना वेगळी तारीख देता येते, कारण तिथे गणनेच्या काळात माणसांची ये-जा मर्यादित असते आणि क्षेत्र ठरलेले असते. गडचिरोलीची गणना ऑक्टोबरमध्ये केली आणि तेलंगणची फेब्रुवारीत, तर मिरचीतोडणीचा प्रत्येक मजूर दोनदा मोजला जाईल. म्हणून वेगळ्या तारखेची मागणी कोणताही गणनातज्ज्ञ स्वीकारणार नाही आणि ती फेटाळणे शासनाला सोपे जाईल.

त्याऐवजी दोन मागण्या टिकतील. पहिली, जिथे मजूर सापडतो तिथे त्याची नोंद होतेच आहे, तर त्याच्या नेहमीच्या राहण्याचे गाव, तालुका आणि जिल्हा यांची सारणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावी, आणि मजुरांच्या वस्त्यांसाठी त्यांची भाषा जाणणारे प्रगणक नेमावेत. २०२७ ची गणना डिजिटल असल्यामुळे गावाचा संकेतांक नोंदवणे आता अवघड राहिलेले नाही. दुसरी, जनगणनेचा आकडा कायदेशीर कामासाठी राहू द्यावा, पण अंगणवाडी, उपकेंद्र, पाणीपुरवठा अशा सोयींच्या निकषांसाठी स्थानिक सर्वेक्षणाचा आकडा ग्राह्य धरावा. वर अंगणवाडीताईंनी ज्या नोंदवहीचा उल्लेख केला, तिची खरी जागा तिथे आहे.

प्रगणक२०११ :

यात एक भर घालतो. ग्रामसभेने त्या नोंदवहीवर शिक्कामोर्तब केले तर तिला वजन येईल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावरचा कायदेशीर हक्क) मिळवला. वर्षानुवर्षे अभ्यास गट चालवून, चर्चा करून, नोंदी ठेवून आणि सर्वसहमतीने निर्णय घेऊन त्या गावाने आपली तयारी केली होती. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळे उद्धृत करतात, पण त्यामागचे रजिस्टर कोणी पाहत नाही. वनहक्काचा दावा जर गाव पुराव्यानिशी मांडू शकते, तर आपल्या माणसांची यादीही मांडू शकेल.

तांड्याचीलेक :

मी वाशीम जिल्ह्यातील एका तांड्यावरची. मिरची आणि वीटभट्टीबरोबर ऊसतोडही या चर्चेत यावी. दसरा-दिवाळीला मुकादम उचल देतो, टोळ्या ट्रकने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोयता चालतो. फेब्रुवारीत तांड्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले एवढीच असतात. शाळेत हंगामी वसतिगृह असेल तर मुले टिकतात. तांड्याला स्वतंत्र ग्रामपंचायत मागायला गेलो की लोकसंख्येची अट पुढे येते, आणि ती लोकसंख्या नेमकी आम्ही नसताना मोजलेली असते.

माझा आणखी एक प्रश्न आहे. माझ्या वहिनीचे बाळंतपण ऊसतोडीच्या फडावर झाले. बाळाचा जन्मदाखला आमच्या ग्रामपंचायतीत मिळाला नाही आणि तिकडे कोणी नोंद केली नव्हती. मूल आता शाळेत घालायचे आहे. अशा मुलांचे काय करायचे?

सातबारा :

ताई, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे आपल्या ग्रामपंचायतीने नकार दिला तो नियमाला धरूनच आहे. मात्र पुढे काय करायचे हे त्यांनी सांगायला हवे होते. नोंदीची मुदत २१ दिवसांची. ती टळली आणि वर्षही उलटले असेल, तर त्या भागातील सक्षम दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने विलंबित नोंद करता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी हा आदेश देऊ शकतात. ज्या गावाच्या हद्दीत फड होता तेथील ग्रामपंचायतीकडून आधी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. लसीकरणाचे कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणाची अंगणवाडीतील नोंद, जे असेल ते जोडा. शाळाप्रवेश मात्र जन्मदाखल्यावाचून अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे, तेव्हा मुलाला आधी शाळेत घाला.

वैनगंगाकाठ :

लेखाजोखा यांच्या हरकतीनंतर वेगळ्या तारखेचा आग्रह बाजूला ठेवून ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा असा करतो आहे :

"आमच्या गावातून दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात मजुरीसाठी स्थलांतर होते. जनगणनेच्या काळात बाहेरगावी असणाऱ्या कुटुंबांची यादी अंगणवाडी व आशा यांच्या नोंदींवरून तयार करून ही ग्रामसभा ती मंजूर करीत आहे. यादीतील व्यक्तींची त्यांच्या कामाच्या ठिकाणी गणना व्हावी, त्यांच्या नेहमीच्या वास्तव्याच्या गावाची आकडेवारी प्रसिद्ध व्हावी, आणि अंगणवाडी, आरोग्य व पाणीपुरवठ्याच्या निकषांसाठी या यादीसह लोकसंख्या ग्राह्य धरावी."

२६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत थांबलो तर आमची निम्मी माणसे निघून गेलेली असतील. म्हणून हा ठराव २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा असे मला वाटते. सूचना असल्यास लिहाव्यात.

तांड्याचीलेक :

आमच्या टोळ्या दसऱ्याच्या आसपास निघतात, त्यामुळे २ ऑक्टोबर आम्हालाही सोयीचे आहे. मसुद्यात "जानेवारी ते एप्रिल" ऐवजी "ऑक्टोबर ते एप्रिल" लिहावे, म्हणजे ऊसतोड आणि मेळघाटचे स्थलांतर दोन्ही त्यात येतील. फडावर जन्मलेल्या मुलांसाठी यादीत एक वेगळा रकानाही ठेवावा. सातबारा काका, दाखल्यांची यादी वहिनीला पाठवली आहे.

अंगणवाडीताई :

रकाना ठेवाच. माझ्या टोल्याची यादी मी या महिन्यात पूर्ण करते. घरातील कर्त्या माणसाचा अंगठा किंवा सही घ्यायची का, तेवढे कोणी नक्की सांगा, म्हणजे पुन्हा घरोघर जावे लागणार नाही.

सातबारा :

घ्या. आणि कुटुंब ज्या मुकादमाबरोबर किंवा ज्या गावी जाणार आहे, त्याची नोंदही शेजारी करून ठेवा.